मामीचं तिसरं फुलपात्र

आमची मामी माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, कांदा-लसणाचा चातुर्मास, सगळं यथासांग. आणि दर शनिवारी संध्याकाळी मामाच्या बैठकीसाठी रमचं कॉकटेल तीच करायची. आयुष्यात तिने दारूचा थेंब जिभेला लावला नाही. तरीही तिच्या हातचं जो एकदा प्यायला, त्याला पुन्हा दुसरीकडचं गोड लागलं नाही. आता हे माळेत बसतं का, असं तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "म्या करते, पीत न्हाई. खाटकाच्या दारात बसली म्हनून गाय काय मटन खाती का?"

मी मूळची संगमनेरची. बँकेत नोकरी लागली ती काष्टीला, म्हणून मामाच्या घरी राहायला आले. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. मिशा अजून नोकरीत होत्या, बाकी सगळा निवृत्त. नगरच्या मिलिटरी कॅन्टीनमधून त्याला रमच्या बाटल्या मिळत. तेवढ्याच आधारावर गावात त्याचा मान सरपंचाच्या खालोखाल होता.

मामी काही पहिल्यापासून या धंद्यात नव्हती. मामा गावी परतला तेव्हा घरी त्याचं मन रमेना. बाटली काखेत मारून दौंड रस्त्याच्या एका ढाब्यावर जायचा आणि परत यायचा तो दोघांच्या खांद्यावर. एकदा तर तो रस्त्याकडेच्या चारीत सापडला. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत बाजूने चाललेले, आणि हा तिथे निवांत झोपलेला. पुढच्या शनिवारी मामीने बाटली स्वतःच्या हातात घेतली आणि सांगितलं, "आजपास्नं ओसरीवर बसायचं. तुमच्या सोबत्यांनाबी हिकडंच बोलवा. काय घालायचं, किती घालायचं, ते मी बघीन." मला ती पुढे एकदा म्हणाली होती, "शुभे, मला ह्यांना सोडवायचं न्हाई. ह्यांना घरात ठेवायचंय आन् जितं ठेवायचंय. बास."

तिचे नियम साधे पण फौजेपेक्षा कडक होते. आधी पिठलं-भाकरी, मग बाकीचं. रिकाम्या पोटी कुणी बसायचं नाही. 'दारू' हा शब्द घरात काढायचा नाही. रमला ती 'तांबडं' म्हणायची. मापाला एक कान तुटलेला कप होता, तो स्वयंपाकघरात यायचा नाही, खिडकीबाहेरच्या फळीवर राहायचा. आणि काचेचे ग्लास बंद. "काचंत घातली की ती दारू हुती. फुलपात्रात घातलं की सरबत," असं तिचं शास्त्र होतं. त्यामुळे मामा आणि त्याचे दोघे दोस्त लग्नात आहेर आलेल्या, नावं कोरलेल्या स्टीलच्या फुलपात्रांतून प्यायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसं एकादशीचा फराळ करून पाणी पितायत.

दोस्त दोनच. एक शेजारचा दगडूनाना, ऊसवाला, बोलायला आळशी आणि प्यायला तत्पर. दुसरे निवृत्त ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. नोकरी संपली तरी त्यांच्या खिशातलं पेन आणि चेहऱ्यावरचं 'उद्या या' काही गेलं नव्हतं.

मामीच्या हाताला चव होती आणि नाकाला तर त्याहून. उन्हाळ्यात दगडूनानाच्या उसाचा रस, त्यात लिंबू, किसलेलं आलं, चिमूटभर पादेलोण आणि तांबडं. कैऱ्या आल्या की पन्ह्यात. थंडीत लोखंडी कढईत गूळ करपेपर्यंत जाळायचा, त्यात लवंग, मिरं, दालचिनी घालून उकळी काढायची, आणि खाली उतरवून तांबडं. चाखण्याचा प्रश्नच नव्हता. ती स्टीलच्या भरलेल्या जगावर वाकायची, डोळे मिटून एक वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "आलं निजलंय अजून." की मी आणखी आलं किसायची. "लिंबू लई बोलतंय." की आणखी रस ओतायची. मी चोरून एकदा चाखून पाहिलं होतं. बाईचं नाक खोटं बोलत नव्हतं.

मामाचा मुलगा संदीप पुण्यात आयटीत. एकदा दिवाळीला तो चकचकीत शेकर, पुदिन्याची जुडी आणि मोबाईलमध्ये सतरा व्हिडिओ घेऊन आला. "आई, आज मी दाखवतो खरं कॉकटेल," म्हणत त्याने ओसरीवर असं काही हातवारे करून शेकर हलवलं, की दावणीची म्हैस उठून उभी राहिली. मामी शांतपणे बघत होती. म्हणाली, "ताक हुतंय व्हय रं ह्याच्यात?" मग त्याच्या पेल्यावर वाकून वास घेतला आणि म्हणाली, "पुदिना वाटायचा आसतो बाबा, पवायला सोडायचा न्हाई." दगडूनानाने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मामीच्या जगाकडे बोट दाखवलं. त्या शेकरात मामी पुढे शेंगदाण्याचा कूट भरून ठेवायची. झाकण घट्ट बसतं म्हणून तिला तो फार आवडला होता.

आता तिची खरी कारागिरी सांगते. पहिली दोन फुलपात्रं सरळ. तिसऱ्यापासून पुढच्यात रम नसायची. एक थेंबही नाही. करपवलेल्या गुळाने रंग तोच, आलं-मिऱ्याने घसा तसाच जळायचा, आणि फुलपात्राच्या काठावरून ती तांबड्यात बुडवलेलं बोट फिरवायची, म्हणजे तोंडाशी नेताच वास यायचा. हे फक्त तिला आणि मला ठाऊक. दोन सारखे स्टीलचे जग असायचे, एकात तांबडं असलेलं, एकात नसलेलं. खूण केली तर कुणाला संशय येईल, म्हणून ओळख फक्त तिच्या नाकाला.

आणि गंमत अशी, की मंडळींना खरी चढायची ती तिसऱ्यालाच. भाऊसाहेब गावच्या सगळ्या रखडलेल्या कामांना मंजुरी देऊन टाकायचे. दगडूनाना आठवड्याभरात बोलला नसेल तेवढं बोलायचा. आणि मामा गाणं म्हणायचा. रेजिमेंटमध्ये शिकलेलं कुठलंतरी पहाडी गाणं, शब्द आम्हाला कळत नव्हते आणि सूर त्याला सापडत नव्हता. शेवटच्या ओळीला तो उभा राहून सलाम ठोकायचा. दारामागे मामी पदर तोंडात कोंबून हसायची. इतकी हसायची की तिचे खांदे हलायचे आणि पदराआडून हुंदक्यासारखा आवाज यायचा. "गुळाच्या पान्यावर नाचत्यात गं हे," असं म्हणत माझ्या खांद्यावर डोकं टेकायची. शिकलेली माणसं सुट्टीला परदेशात जातात. मामीची सुट्टी म्हणजे ते दार होतं.

मग एका थंडीत घोळ झाला. मामीला अशी सर्दी झाली की नाक पार बंद. मी म्हटलं, या शनिवारी राहू दे. पण ती कसली ऐकते! "हात काय सर्दीनं धरलेत का?" म्हणून करायला बसली आणि जगांची अदलाबदल झाली. पहिली दोन फुलपात्रं गेली ती नुसत्या गुळाची. भाऊसाहेब नुसते थंडीबद्दल बोलत राहिले. तिसरं आलं. मामाने घोट घेतला, फुलपात्रात बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाला, "आज काय सन हाय का रं?"

दगडूनाना म्हणाला, "गप पी. इचारू नगंस."

तिसऱ्यापासून मामी नेहमीच सढळ हाताने ओतायची, गुळाच्या पाण्याला काय धाड भरलीय! तशी त्या दिवशीही ओतली. तासाभरात भाऊसाहेबांनी शेळीला रहिवासी दाखला दिला. दगडूनाना बोअरच्या पाइपाला मिठी मारून "तू पानी दिलंस म्हनून मी जगलो" म्हणत रडला. आणि मामा म्हशीसमोर सावधान उभा राहून "सुभेदार हाजिर है, साहब!" म्हणाला. म्हशीने तोंड फिरवलं. हा कडक सलाम ठोकून मागे वळला आणि गोठ्याच्या पायरीवरून कोसळला.

कोपर फुटलं, तेवढंच. पण डॉक्टरांनी त्यानिमित्ताने रक्त तपासलं, पोट तपासलं आणि मामीला बाजूला घेऊन सांगितलं, यकृत खराब व्हायला लागलंय, यापुढे थेंब नको. मामी तो कान तुटलेला कप हातात घेऊन ओसरीवर बसून राहिली. चूक आपली, हे तिच्या मनातून जाईना. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. "एकदम तोडलं तर हे पुन्ना ढाब्यावर जातील, शुभे. तिथं फुलपात्र कोन दील ह्यांना?"

मग तिने ठरवलं. शनिवार चालू. दोघा दोस्तांना त्यांचं तांबडं, मामाला मात्र पहिल्यापासून तिसरं. बोट फिरवलेला काठ, करपलेला गूळ, मिरं जरा जास्त. मामा पहिल्याच फुलपात्रावर गाऊ लागला आणि मामीने दारामागे माझा हात घट्ट दाबला. पुढे दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत, सुभेदारांनी निश्चय केलेला दिसतोय. मामी घरी येईपर्यंत कसाबसा चेहरा सरळ ठेवून होती. "ह्यांना पत्ताबी न्हाई," ती म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवली.

गेल्या श्रावणात मामी गेली. सकाळी डेअरीला दूध घालून आली, चहाचं आधण ठेवलं, छातीत दुखतंय म्हणून टेकली ती उठलीच नाही. एवढी खटपट करून मामाला जितं ठेवलं आणि स्वतः न सांगता निघून गेली. मला अजून तिचा राग येतो.

ओसरी बरेच महिने रिकामी होती. मग एका शनिवारी दगडूनाना आणि भाऊसाहेब आले. आता मामी नाही, कुणाला त्रास कशाला, म्हणून भाऊसाहेब चाचरत म्हणाले, "सुभेदार, ढाब्यावर बसायचं का जरा?" कपाटात कॅन्टीनच्या दोन बाटल्या तशाच होत्या.

मामा उठला आणि स्वयंपाकघरात आला. लोखंडी कढई काढली, गूळ टाकला, करपेपर्यंत हलवला. आलं, मिरं, लवंग. मी बाटली पुढे केली. त्याने झाकणात थोडी रम घेतली, बोट बुडवलं आणि तिन्ही फुलपात्रांच्या काठावरून फिरवलं. बाटली मला परत दिली.

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळी नोकरी रमवर काढली पोरी. गूळ आन् रम कळत न्हाई व्हय मला? पैल्याच शनिवारी कळलं. त्या दोघांनाबी."

"मग गाणं? सलाम?"

त्याने कढई खाली उतरवली. "लगीन झालं आन् मी बॉर्डरवर गेल्तो. ती हितं म्हशी-शेतात. सुट्टीला यायचो तवा ती कामात आसायची. तिला हसताना कवा ऐकलंच नव्हतं गं. त्या शनिवारी दारामागनं ऐकलं. मग म्हनलं, रम नसंना का."

तिघे ओसरीवर बसले. पिठलं-भाकरी आधी झाली होती. मामाने फुलपात्र संपवलं, मिशा पुसल्या आणि गाणं सुरू केलं. सूर नेहमीसारखाच हरवलेला. दुसऱ्या ओळीला तो थांबला. त्याने दाराकडे बघितलं. दगडूनाना आणि भाऊसाहेब खाली मान घालून बसले होते.

मी दारामागे उभी होते. ओढणी तोंडात कोंबली आणि हसले. बाहेर ऐकू जाईल एवढं हसले.

मामा उभा राहिला आणि त्याने पुढची ओळ म्हटली.