सहा मशीन आणि एक वीस

डायलिसिसच्या खोलीत सगळे तिला घड्याळबाई म्हणायचे. बावीस वर्षं ती मशीन चालवणारी बाई; कुणाला ठरलेल्या चार तासांतली पाच मिनिटं कमी मिळाली तरी तिला चैन पडायचं नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त बाहेर काढून, स्वच्छ करून परत आत सोडायचं, आठवड्यातून तीनदा. खोलीत सहा खाटा, सहा मशीन. सगळी जुनी, आतल्या बॅटऱ्या केव्हाच गेलेल्या.

त्या वर्षी गॅस कमी यायला लागला. शहराबाहेरचं वीजकेंद्र गॅसवरच चालायचं. तिथल्या तीन वीजनिर्मिती संचांपैकी दोन बंद करावे लागले. रोज दुपारी दोन ते चार वीज जाणार, असं वेळापत्रक लागलं. रुग्णालयाला जनरेटर होता, तरी ती तो सांभाळणाऱ्या मिस्त्रीला विचारून आली. त्याने आडपडदा ठेवला नाही. आधी ऑपरेशनची खोली, मग अतिदक्षता विभाग, त्यातून उरलं तर तुम्ही, म्हणाला.

तिने मग वाट पाहिली नाही. ती रुग्णांना लवकर बोलवू लागली, म्हणजे दोनच्या आत आटपेल. शिवाय त्यांच्यासोबत येणाऱ्यांना पंप हाताने फिरवायला शिकवू लागली. वीज गेली की पंप थांबतो आणि नळीत थांबलेलं रक्त गोठतं; ते गोठायच्या आत पंपाला बसवायची मूठ फिरवून शरीरात परत पाठवायचं. नळीत लाल पाणी भरून ती सगळ्यांचा सराव घ्यायची.

तीन नंबरच्या खाटेवर टर्बाइनवाले काका असत. त्याच वीजकेंद्रात तीस वर्षं काढलेले. जुन्या सोबत्यांचे त्यांना फोन यायचे आणि खोलीला सगळ्यांच्या आधी कळायचं, आज गॅसचा दाब आणखी उतरला. त्यांच्यासोबत येणाऱ्या काकू मात्र मुठीला हात लावायला तयार नव्हत्या. माझे हात कापतात, माझ्यावर विसंबू नकोस, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

एका मंगळवारी, एक वाजून गेल्यावर, काकांचा फोन वाजला. बोलणं ऐकून त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं.

"तिसऱ्या संचाचंही खरं नाही. वीज तोडायला दोनपर्यंत थांबतील असं वाटत नाही."

तिने सगळ्यांना मुठी हातात घ्यायला सांगितलं. पाच माणसं उभी राहिली, काकूसुद्धा. सहाव्या खाटेवरच्या मुलीचे वडील औषध आणायला खाली गेले होते. ती त्या खाटेकडे निघाली आणि वीज गेली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. सहाही मशीन एकदम बंद पडली.

ती वाटेतल्या खाटेखाटेला थांबून नळ्या दाबून धरणारे चिमटे सोडवत सुटली. काकू मूठ गरागरा फिरवत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका शांतपणे म्हणाले, "अगं, मिनिटाला तीन हजार फेरे माझी टर्बाइन घ्यायची. तू पंधरा घे, बास." काकूंचा हात सावरला.

सहाव्या खाटेशी पोचायला तिला उशीर झाला. नळीतलं रक्त काळपट, घट्ट झालं होतं. ते आत सोडणं शक्यच नव्हतं. पेलाभर रक्त वाया गेलं. मुलगी आधीच अशक्त. तिचे ओठ पांढरे पडले.

वडील परत आले तेव्हा तिने काही लपवलं नाही. मी आधी तुमच्या मुलीकडे यायला हवं होतं, म्हणाली. त्यांनी आणलेली औषधं मुलीच्या उशाशी ठेवली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुवारी आणू ना हिला?"

त्या संध्याकाळी ती डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. एका वेळी तीनच माणसं घेईन, पहाटे पाचपासून. सहा घेणार नाही, वीज गेली तर तेवढ्यांपाशी वेळेत पोचता येत नाही, म्हणाली. दोन फेऱ्यांना कामाला माणसं कुठून आणू, म्हणून डॉक्टर वैतागले. पण ती हलली नाही, तेव्हा त्यांनी होकार दिला.

पाच आठवडे असेच गेले. मुलीला रक्ताची एक पिशवी चढवावी लागली. हळूहळू तिला तरतरी आली. सहाव्या आठवड्यात गॅस पूर्ववत झाला आणि बंद पडलेले संच एकेक करून सुरू झाले.

पुन्हा सहा खाटा भरल्या त्या पहिल्या दिवशी ती चार तास खोलीच्या मधोमध उभी होती. काही झालं नाही. शेवटची सुई काढताना मुलगी म्हणाली, "ताई, आता तरी बसा."

ती तिच्याच खाटेच्या कडेला टेकली.