आग्रहाच्या घरात चामड्याचा पट्टा

लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, की मला अधूनमधून तुमच्या हातून चामड्याचा मार हवा आहे. भांडणातला नाही, हौसेचा. हे सांगताना मी चहाच्या भांड्याकडे बघत होते. ते सौंसरला शाळेत मास्तर, वर्गात कधी छडी न उचललेले. एवढंच म्हणाले, "तुले दुखवून मले काय भेटन?"

"मले भेटन ना," मी म्हटलं. एवढं बोलायला मला एकवीस वर्षं लागली होती.

त्यांनी मोबाइलवरून एक छडी मागवली. बारीक, चामडं गुंडाळलेली, टोकाला छोटासा तुकडा. फोटोत छान दिसत होती. मुलगी नागपूरला हॉस्टेलवर, रविवारची दुपार, दाराला कडी. नको वाटलं की मी 'पुरे' म्हणायचं, असं ठरलं. काय पण अक्कल दोघांची! आमच्या घरात ताटावर हात आडवा धरून 'पुरे' म्हटलं की दोन पुऱ्या जास्त पडतात. माझ्या सासरी 'पुरे' ऐकून थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी "पुरे, पुरे" म्हटलं आणि त्यांच्या हाताने सवयीने आणखी एक वाढला. बारीक छडीचा तो फटका तव्याच्या चटक्यासारखा बसला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी त्यांनी पाहिलं. छडी मोडून टाकली आणि पुढचे दोन महिने माझ्या बोटालाही बोट लावलं नाही. मला तर संतापच आला. चूक छडीची आणि शब्दाची, शिक्षा मात्र माझ्या इच्छेला. पण रागापेक्षा भीती मोठी होती. आता विषय निघाला नाही, तर तो कायमचा मिटणार, आणि पुन्हा बोलायची हिंमत माझ्यात उरणार नाही, हे मला दिसत होतं. शेवटी एका सुट्टीला मीच म्हटलं, "चला पांढुर्ण्याले. आपण दोघं मिळून निवडू." सौंसरला मास्तरांना कुत्रंमांजरही ओळखतं.

पांढुर्ण्याच्या बाजारात एक म्हातारे कारागीर बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे बनवतात. मास्तरांनी तिथे जाऊन बेधडक थाप मारली, "साल्याच्या बैलासाठी पट्टा पाहिजे. थोडा... हाणाले." माझ्या भावाकडे ट्रॅक्टर आहे. बैल त्याने उभ्या जन्मात बांधलेला नाही.

"बैलाले माराचं सामान मी बनवत नाही, भाऊ," म्हातारबाबा चामडं कापायची रापी खाली ठेवून म्हणाले. "गळ्यात बांधाले सांगा."

मास्तर चपला घालायला लागले. मी तिथेच बसले. "बाबा, माराले नाही. लागलं नाही पाहिजे. आवाज व्हाले पाहिजे."

हे त्यांना पटलं. त्यांनी चामड्याचे तुकडे काढले आणि स्वतःच्या मांडीवर एकेक वाजवून दाखवला. "हे पाहा ताई, अरुंद वादी चावते. रुंद असली का मार पसरते. कडक चामडं नका घेऊ, अन् कडा घासून घ्या, नाहीतर कातडी सोलते." मऊ चामड्याच्या दोन रुंद पट्ट्या, फक्त मुठीपाशी शिवलेल्या, म्हणजे एकमेकींवर आपटून त्याच आवाज करतील. मी ती जोडी घेतली आणि मास्तरांच्या तळहातावर वाजवली. ते दचकले, मग तळहाताकडे बघत म्हणाले, "लागत नाही बाप्पा!" दोन महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

परतीच्या बसमध्ये ते हळूच म्हणाले, "पाठीच्या मणक्याले, कमरेले नाही लावाचा. अन् शब्द बदलू. 'बस' कसा आहे?"

"बसमध्ये बसून 'बस' म्हणता?" मला हसू आवरेना. खिडकीबाहेर बोरगावची पाटी गेली. "बोरगाव म्हणू. जेवताना कोणी बोरगाव म्हणत नाही."

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी प्रत्येक वेळी "बराबर?" म्हणून विचारलं, आणि खरंच सगळं बरोबर होतं. आवाज मोठा, ऊब खोलवर, मला हवं होतं अगदी तसं. कुठे दुखत नव्हतं. आणि तेवढ्यात, का कोण जाणे, मी म्हटलं, "बोरगाव."

त्यांचा हात वरच्या वर थांबला. पट्टा खाली ठेवून ते माझ्याजवळ बसले. "काय झालं? लागलं काय?"

"नाही लागलं. तुम्ही थांबता का, ते पाहून राहिली होती."

आणि मला रडू फुटलं. बारावीनंतर शिक्षण सोडायला मी नाही म्हटलं होतं, त्या वर्षी लग्नाला नाही म्हटलं होतं. तेव्हा घरातलं कोणीही थांबलं नव्हतं. त्यांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं. मी त्यांचा हात धरून ठेवला आणि सांगितलं, की माझ्या एका शब्दावर कोणी थांबलं, ते आज पहिल्यांदा.