पाच तासांची वीज

फोन लागला की ते 'हॅलो' म्हणत नसत. "आलो आछे?" एवढंच विचारत. बंगालीत आलो म्हणजे उजेड. दिवे आहेत का, असा प्रश्न. उत्तर ऐकत, फोन ठेवत आणि पुढचा नंबर फिरवत. पलीकडच्या माणसाची तब्येत कशी आहे, हे त्यांच्या कामाचं नव्हतं.

रोज सकाळी असे तीन फोन होत. बराकपूरला मेव्हण्याचं औषधांचं दुकान होतं, डमडमला चुलत बहीण आणि गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसातला मित्र. सत्तरच्या दशकातलं कलकत्ता तुमच्यापैकी कोणी पाहिलं असेल, तर लोडशेडिंग म्हणजे काय ते सांगायला नको. शहराचा एकेक भाग आळीपाळीने अंधारात जायचा. कोणता केव्हा, ते कोणी सांगत नसे. या गृहस्थांना ठाऊक असे. बराकपूर गेलं की तासाभराने डमडम, गार्डन रीचचे दिवे परतले की आमचा नंबर. एका निळ्या वहीत त्यांनी हे सगळं मांडून ठेवलं होतं.

ते आमच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरचे ऑपरेटर होते. सगळे त्यांना दादा म्हणत. मशीन एकच, एका थंडगार खोलीत, आणि त्यावर पीएचडी करणारे आम्ही अकरा जण. वीज गेली की मशीनमध्ये चाललेलं गणित पुसलं जाई, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कोणाचा प्रोग्रॅम केव्हा चालवायचा हे दादा ठरवत. गाइडच्या सहीपेक्षा डमडमच्या बहिणीच्या शब्दाला तिथे जास्त वजन होतं.

त्या काळी फोनवर ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे दोन्ही बाजू आम्हाला ऐकू येत. एकदा त्या बहिणीने सांगितलं की काका गेले. दादांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले, "आणि दिवे?"

"आहेत. सगळे पंख्याखाली बसलेत."

दादांनी वहीत खूण केली, चालू असलेलं काम पूर्ण केलं, आणि मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

माझा प्रबंध रांगांवर होता. एका मशीनपुढे बरीच कामं उभी असतील तर कोणतं आधी घ्यावं, म्हणजे एकूण खोळंबा कमी होईल. प्रत्यक्ष रांगेत मी शेवटी असे. प्रोग्रॅमच्या छिद्रं पाडलेल्या कार्डांची पेटी छातीशी धरून दाराबाहेर उभी राहायची, आणि कोणी "जरा घाईत आहे" म्हणालं की बाजूला व्हायची. दादा काचेतून हे पाहत असत.

"दिदिमणी," एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या प्रबंधात लाजणाऱ्याचा नंबर केव्हा लागतो?"

मी म्हटलं, तसा घटक त्यात धरलेला नाही.

"मग उत्तर चुकणार," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बाबांची बदली नागपूरला झाली. ते बँकेत होते; जूनमध्ये तिकडे हजर व्हायचं होतं. मुलीला एकटीला कलकत्त्यात ठेवायचा प्रश्नच नव्हता. "उरलेलं पोस्टाने नाही का पाठवता येणार?" बाबांनी विचारलं. आई म्हणाली, "चार वर्षं झाली, अजून उरलंय तरी काय?"

उरला होता शेवटचा रन, म्हणजे प्रोग्रॅमची मशीनवरची शेवटची फेरी. प्रबंधातली सगळी कोष्टकं त्यातूनच यायची होती. त्याला सलग पाच तास लागणार होते, आणि दोन तासांवर दादा कोणालाही मशीन देत नसत. नागपुरात मला असं मशीन कोण देणार? रन झाला नाही तर चार वर्षांचं काम तिथेच संपलं.

हे दादांना सांगायला मला आठ दिवस लागले.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "एका रविवारी पाच तास देतो. पण आधी प्रोग्रॅम बदला. दर पंधरा मिनिटांनी जेवढं झालं तेवढं कार्डांवर पंच करून बाहेर काढायचं. वीज गेली तर तिथून पुढे."

मला राग आला. प्रोग्रॅम लिहिणारी मी, बटणं दाबणारे ते, असं काहीतरी मनात आलं. आज लिहायला बरं वाटत नाही. तोंडाने एवढंच म्हटलं, "पण वीज जाणार नाही असाच रविवार तुम्ही निवडाल ना?"

"निवडीन. तरी काढायचं."

"प्रोग्रॅम कुरूप होईल."

"होऊ दे. त्याचं लग्न थोडंच लावायचंय?"

तीन आठवडे त्यात गेले. ते रोज विचारत, "झालं?" मी नाही म्हणून मान हलवत असे.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दादा डबा घेऊन आले. तिन्ही फोन केले. तिन्हीकडे दिवे होते. वही उघडून पाहिली. "नऊ ते दोन, माझी जबाबदारी," म्हणाले. असं ते कोणालाच म्हणत नसत.

अकरा चाळीसला वीज गेली.

मशीनची घरघर थांबल्यावर ती खोली किती शांत होते, ते मला तेव्हा कळलं. दादा टॉर्च घेऊन फोनकडे गेले. बराकपूरला दिवे होते. डमडमला होते. गार्डन रीचलाही होते. थोड्या वेळाने दरवानाने येऊन सांगितलं की आमच्याच फाटकासमोर रस्ता खणणाऱ्यांची पहार केबलला लागली आहे. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," दादा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. टॉर्च हातात तशीच जळत होती.

मी मशीनमधून बाहेर आलेली कार्डांची शेवटची थप्पी उचलली आणि दाराशी उजेडात नेऊन पाहिली. "दादा, ही साडेअकराची आहे. दहाच मिनिटं गेलीत."

त्यांनी टॉर्च बंद केली. डबा उघडून एक लुची, म्हणजे मैद्याची पुरी, माझ्यापुढे धरली. मी आईची पोळी-भाजी पुढे केली. एक घास खाऊन ते म्हणाले, "आई साखर विसरल्या."

"आमच्याकडे घालत नाहीत."

"म्हणूनच तुमची बदली होते."

साडेतीनला वीज आली. खोली थंड व्हायला अर्धा तास लागला. मग ती थप्पी मशीनला घातली आणि प्रोग्रॅम साडेअकरापासून पुढे निघाला. साडेसहाला छपाई थांबली. बाबा न्यायला आले होते. छापलेल्या कागदांचा गठ्ठा दादांनी स्वतः फाटकापर्यंत आणून दिला.

दीड वर्षाने मी तोंडी परीक्षेसाठी नागपूरहून आले. परीक्षा तासाभरात आटोपली. पदवी मिळेल असं परीक्षकांनी सांगितल्यावर मी मशीनरूमकडे गेले. मागच्या बाजूला नवा जनरेटर धडधडत होता. दादांच्या खुर्चीत दुसरे कोणी होते. दादांना स्टोअर्समध्ये बसवलं होतं, कागद आणि पेन्सिली द्यायला.

मी स्टोअर्सच्या खिडकीतून प्रबंध आत सरकवला. त्यांनी नाव वाचलं नाही, आभारही वाचले नाहीत. थेट कोष्टकांवर गेले.

"जोड कुठे आहे?"

मी सतराव्या आणि अठराव्या ओळीच्या मधे, वीज गेली होती तिथे, बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि शिंपी शिवण पाहतो तसा तिथून अंगठा फिरवला.

"कळत नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या मागून कोणी टाइपरायटरची रिबन मागितली. दादांनी डाव्या हाताने कपाट उघडलं, डाव्याच हाताने रिबन दिली आणि सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं. उजव्या हाताचा अंगठा प्रबंधातल्या त्या पानावरच होता.