दत्ताच्या दारी सोडलेला राजा

दोन वर्षं मी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जात होतो, पण दर्शन घेताना नजर मूर्तीच्या गुडघ्यांखाली उतरू देत नव्हतो. पायाशी चार कुत्री असतात. लहानपणापासून पाहिलेलं ते रूप मला सोसवत नव्हतं. उपवास चालू होता, आरती चालू होती, आणि मनात यायचं की आपलं इथं काही ऐकलं जात नसणार.

वडील गेल्यावर मी आईला वलगावहून अमरावतीला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिच्याबरोबर राजाही आला. काळाभोर, चारही पंजे पांढरे, डावा कान फाटलेला. वडिलांनी त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. मोकळ्या अंगणात जन्म काढलेलं ते कुत्रं बंद दारामागे सारखं भुंकायचं. शेजारी तक्रारी करू लागले, घरात कुरबुर वाढली. शेवटी एका गुरुवारी, आई भजनाला गेली असताना, मी राजाला गाडीत घातलं आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या एका दत्तमंदिरापाशी सोडून आलो. तिथं दर गुरुवारी महाप्रसाद असतो. आमच्याकडे पुष्कळ जण असं करतात. देवाच्या दारात सोडलं की टाकून दिलं असं कुणी म्हणत नाही. उपाशी राहणार नाही, दत्त सांभाळेल, असं म्हणायचं आणि परत फिरायचं. मीही हात जोडून तेच म्हणालो.

आईला सांगितलं, दार उघडं राहिलं, पळाला. "सकायी मीच खेकसली होती त्याच्यावर," एवढंच ती म्हणाली, "रुसून गेला थो." मग ती हे रोजच म्हणू लागली. गोळी घेताना, देवापुढे दिवा लावताना, मध्येच हात थांबवून. माझा अपराध माझी म्हातारी आई स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसली होती आणि मी तिच्यासमोर बसून निवांत जेवत होतो. दहाव्या दिवशी मी त्या देवळापाशी जाऊन आलो. राजा नव्हता. तिथला सेवेकरी म्हणाला, "इथं रोजच सोडून जाते लोकं. कोणाकोणाले ध्यानात ठेवू?" पुढे वर्षभरात आम्ही शहराबाहेर अंगण असलेल्या घरात राहायला गेलो. ते रिकामं अंगण मला रोज बघावं लागे.

गेल्या हिवाळ्यात फोनवर, एका ग्रुपमध्ये, एका कुत्र्याचा फोटो आला. तो टाकणाऱ्या अकोल्याच्या शैलाताई रस्त्यावरची जखमी कुत्री घरी ठेवून बरी करतात आणि मग चांगलं घर बघून देतात. फोटोतलं कुत्रं काळं होतं, पंजे पांढरे, डावी बाजू अंधारात. मी देवळात गेलो आणि दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. हा राजाच निघू दे, म्हणालो. खरं तर मला राजा हवा होता की सुटका हवी होती, हे आज मला नीट सांगता येत नाही. राजा परत आला असता तर आईला काही सांगण्याची गरजच उरली नसती.

अकोल्याला पोचलो तेव्हा शैलाताई अंगणात एका कुत्र्याच्या पायाला मलम लावत होत्या. वय साठीचं, दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केलेल्या. त्यांनी काळ्या कुत्र्याला बाहेर आणलं. दोन्ही कान शाबूत. तो राजा नव्हता. त्याच क्षणी एक विचार आला, जो लिहितानाही लाज वाटते. आईला मोतीबिंदूमुळे अंधूक दिसतं. हाच राजा म्हणून नेला तर? कानावरून हात फिरवलाच, तर जखम भरून आली म्हणता येईल. मी खाली बसलो आणि हाक मारली, "राजा!"

"भाऊ, याचं नाव बंड्या हाये," शैलाताई म्हणाल्या. "तुमी राजा काहून म्हणून राहिले?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "बरं. घरात मोठं कोण हाये? आई? मंग लावा फोन. घरातल्या मोठ्या मानसाशी बोलल्याबिगर मी कुत्रं देत नाही. लोकं आज हौसेनं नेते अन् उद्या देवाच्या दारात सोडून येते. हा बंड्याबी तसाच सापडला, देवळामागं, पाय मोडलेला."

मी फोन हातात धरून बसलो. नंबर लावता येईना. मग त्या अनोळखी बाईसमोर, तिच्या कुत्र्यांच्या गलक्यात, मी सगळं बोलून टाकलं. मला वाटलं हाकलून देतील, किंवा धीर तरी देतील. त्यांनी मलमाची डबी बंद केली. "मले काय सांगता? जिले सांगाचं थे घरी बसली हाये. जा. तिले सांगा, मंग या. बंड्या कुठं जात नाही."

रिकाम्या हातानं परतलो. आई अंगणात तूर निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, शैलाताई आणि बंड्यापर्यंत. तिनं मान वर न करता एकच विचारलं, "गाडीमागं धावला का रे?"

"हो," मी म्हणालो. "बराच."

ती सूप तिथंच ठेवून आत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण त्या तीन दिवसांत ती स्वतःला एकदाही दोष देताना मला ऐकू आली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "चाल, त्या बाईकडं."

बंड्याला घेऊन येताना तिनं राजाला सोडलं होतं त्या देवळापाशी गाडी थांबवायला लावली. काठी टेकत उतरली, देवळामागच्या बाभळींकडे तोंड करून तीनदा राजाला हाक मारली आणि थांबली. कुणी आलं नाही. परत गाडीत बसताना मला म्हणाली, "मी माफ करणारी कोण? ज्याले सोडलं त्यालेच इचार आता."

विचारायला तो नाही. राजा कुठं गेला, कुणी उचलला की कशाखाली आला, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं घेऊनच मला जगायचं आहे. बंड्या आईच्या बाजेखाली झोपतो. माझ्या हातून अजून घास घेत नाही. वाटीत टाकून बाजूला झालो की खातो. मी बाजूला होतो.

त्या दिवशी मी जे मागितलं ते दत्तगुरूंनी दिलं असतं, तर मी आयुष्यभर आईशी खोटा राहिलो असतो आणि त्यालाच कृपा म्हणालो असतो. महाराज, तुम्ही मला सुटू दिलं नाहीत. तुमचे उपकार आहेत.