उखाचे वडील कोण?

आमच्या गावात दर अमावास्येला कुणाला ना कुणाला काहीतरी दिसतंच. मला कधी दिसलं नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांच्यावर माझा विश्वासही नव्हता. आताही आहे की नाही, सांगता येत नाही. मी चौथी शिकलेली. मनीषाच्या जुन्या वहीत हे लिहून ठेवते, कारण बोलून दाखवायची लाज वाटते.

मनीषा माझी मुलगी. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि जातपडताळणीसाठी जुना पुरावा लागत होता. तो नसता तर अ‍ॅडमिशन गेलं असतं. हे वारले, म्हणून माझे दीर मला धरणगावहून धुळ्याला घेऊन गेले. तिथे जुन्या पेठेत, पितळी भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, एका इतिहासकाराचं घर जपून ठेवलंय. खाली मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. वर त्यांची खोली, दोरी लावून ठेवलेली.

मोडी वाचणाऱ्या सरांनी आमच्या गावाचा रुमाल काढला. भाऊजी झेरॉक्सला गेले आणि सरांनी मलाच विचारलं, "आजेसासऱ्यांचं नाव?"

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलेलं नाही.

"ताई, इथे मेलेल्यांचीच नावं घ्यायची असतात!" सर हसले. मग भाऊजींनी भरलेला फॉर्म पाहून म्हणाले, "उखा. पण या गावात उखा चार आहेत. तुमच्या उखाचे वडील कोण?"

ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. सहा महिने आम्ही तेच विचारत फिरत होतो.

"भाऊ येईपर्यंत वर घर बघून या," सर म्हणाले.

भर दुपार. गल्लीत पिठाची गिरणी चालू होती, तिचा आवाज वरपर्यंत येत होता. वर एक बुटकं मेज, दौत, पत्र्याची पेटी... आणि दोरीच्या आत एक म्हातारा बसलेला. मला वाटलं, तिथलाच माणूस असेल. मी पदर सावरून भिंतीकडे तोंड केलं.

"काबर उनी माय?" त्याने विचारलं.

"कागद पाहायला... उखा..." आयुष्यात पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून निघालं.

"उखाना बाप सुपडू," तो म्हणाला. रस्ता सांगावा तसं, सहज. "ध्यानमा ठेव."

मी जिना उतरायला लागले तेव्हा तो मागून आणखी एक वाक्य बोलला.

खाली येऊन मी सरांना सुपडू सांगितलं. त्यांनी चाळून चाळून एक कागद काढला. उखा वल्द सुपडू, म्हणजे सुपडूचा मुलगा उखा, आणि पुढे जात. आम्हाला हवी तीच!

तेवढ्यात भाऊजी आले. "वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वरच्या बाबांनी."

"वर कोणी नसतं," सर म्हणाले. जिना एकच, आणि सर त्याच्या पायथ्याशीच बसलेले. आम्ही तिघं वर गेलो. दोरी होती, मेज होतं. दोरीच्या आत मेजावर, जमिनीवर धूळ, आणि त्या धुळीत कुठेही पाऊल नाही.

वॉचमन म्हणाला, "मोठे साहेब दिसले असतील, नशीब काढलं अक्का!" म्हणजे ते इतिहासकार. पण भिंतीवर साहेबांचा फोटो आहे. ते अंगाने भरलेले, पगडीवाले. मी पाहिलेला माणूस काटकुळा, अनवाणी, पिंढरीपर्यंत चिखल वाळलेला.

भाऊजी म्हणतात, दादाच कधीतरी बोलला असेल, तुम्हाला तिथे आठवलं. यांना माहीत असतं तर यांनी आम्हाला सांगितलं नसतं का?

मनीषाचं अ‍ॅडमिशन झालं. ती जळगावला हॉस्टेलला आहे.

जिन्यावर ऐकलेलं वाक्य मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. "आनि सुपडूनी बायको झिपाबाई." त्या कागदात बायकांची नावं नाहीत, आणि जातपडताळणीच्या समितीनेही ते विचारलं नाही. खरं की खोटं, कुठे बघायचं? भाकरी थापताना मी ते नाव एकदा हळूच घेते. कोण होती ती, मला माहीत नाही. पण मी घेतलं नाही तर आता दुसरं कोण घेणार?