अधिक महिन्यातली सेमीफायनल

मैत्रिणींनो, आज आपल्या पांढुर्ण्याची सौसरशी सेमीफायनल होती. सौसरचा गोलकीपर माझा जावई. म्हणून अधिक महिन्याचं जेवण मी मुद्दाम आज दुपारीच ठेवलं.

"मामी, तूप लय वाढून राहिल्या."

"धोंड्याचा महिना आहे, जावईबापू. नाही म्हणू नये."

जावयानं आठ पुरणपोळ्या खाल्ल्या. देवा, माफ कर. पण पाहुण्याला सोबत म्हणून माझा मुलगा पंगतीत बसला, आपला सेंटर फॉरवर्ड. त्यानं नऊ खाल्ल्या.

मैदानात एकाच्यानं वाकवेना, दुसऱ्याच्यानं पळवेना. शून्य-शून्य. रविवारी सामना पुन्हा आहे.

पोरगा पळाला तर फायनल आपलीच. त्याला त्या दिवशी मी उपास धरायला लावीन. पण एकाच अधिकात जावयाला दोनदा जेवायला बोलावता येते काय? तुमच्याकडं तशी रीत असली तर रविवारच्या आत कळवा.