खाण बंद झाली तेव्हा

खाणीजवळच्या शाळेत मी अधूनमधून जाते. तिथल्या मुख्याध्यापिका नंदाबाईंना शाळा चालवायला मदत करायची, हे माझं काम. परवा गेले तर त्या शाळेत नव्हत्या, मजुरांच्या वस्तीपाशी उभ्या होत्या. दगड संपला म्हणून खाण बंद झाली होती आणि सगळी कुटुंबं दुसऱ्या खाणीवर निघाली होती. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या चढत होत्या.

नंदाबाई एका आईला विनवत होत्या, "सुमनला ठेवून जा गं. माझ्या घरी राहील. आत्ता कुठं वाचायला लागलीय."

"बाई, तुमचं खरं हाय," आई म्हणाली, "पण मी दगड फोडाय गेले की धाकट्याला कोण बघंल?"

मग नंदाबाईंनीच सुमनला उचलून टेम्पोत बसवलं.

पालकांशी कसं बोलावं, हे मी त्यांना शिकवत आले होते. त्या किती चांगलं बोलल्या होत्या! मलाही याहून चांगलं जमलं नसतं. पण दगड संपला की ज्यांचं गावच संपतं, त्यांना कुठल्या बोलण्यानं थांबवायचं?

"मॅडम, आज काय शिकवणार होता?" नंदाबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

टेम्पो सुरू झाला. नंदाबाई हात हलवत राहिल्या. सुमननं मागं पाहिलंच नाही. धाकट्याला मांडीवर घेऊन ती त्याला थोपटत होती.